मावशीशी संबंध नाही

वकील परिषदेच्या नियमात जाहिरातीला बंदी आहे. वकिलानं आपली कीर्ती आपल्या तोंडानं सांगू नये, दुसऱ्याच्या तोंडून वदवू नये, दारावर मोठी पाटी लावू नये, रस्त्यात कुणाला गाठून काम मागू नये. अशिलानं आपल्या पायांनी चालत यावं आणि वकिलानं ‘अरे, तुम्ही कसे काय इकडे’ असा चेहरा करावा, एवढाच त्या नियमाचा अर्थ. हा नियम कुणी केला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. ज्यांच्या दारात आधीच रांग आहे त्यांनी केला, आणि ज्यांच्या दारात कुत्रंही फिरकत नाही त्यांच्यासाठी केला.

छोटी या नियमात अडकली ती मावशीच्या तोंडापायी.

छोटी हे मावशीनं ठेवलेलं नाव. आई गेली तेव्हा ती मावशीच्या कमरेला लागत होती. आता मावशीपेक्षा वीतभर उंच झाली, काळा कोट घालून कोर्टात उभी राहायला लागली, तरी छोटी ती छोटीच.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत मावशीचं पार्लर. दुकान तिच्या स्वतःच्या मालकीचं. मालकीण तीच, कारागीर तीच आणि संध्याकाळी जमिनीवरचे केस झाडून गोळा करणारीही तीच. दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, भिंतभर आरसा. खरा धंदा मात्र डायचा. डोक्याला डाय थापलेली बाई जागची हलू शकत नाही. डोकं प्लॅस्टिकच्या टोपीत, गळ्याभोवती टॉवेल, हातात जुनं मासिक. ते मासिक दोन पानांत संपतं आणि मग बाई बोलायला लागते. नवरा, दीर, शेजाऱ्यानं सरकवलेली भिंत, भावानं गिळलेलं घर. मावशी ऐकून घेते, च् च् करते आणि शेवटी कंगवा हवेत धरून म्हणते, “माझी भाची वकील आहे. तिच्याकडे जा. हुशार आहे आणि तोंडावर खरं बोलते. तेवढं मात्र सोसावं लागेल.”

यावरून घरात रोज वाजायचं.

“मावशी, माझं नाव घेत जाऊ नकोस. ही जाहिरात होते.”

“जाहिरात कसली? भाचीचं कौतुक केलं.”

“परिषदेला कळलं तर सनद जाईल माझी.”

“तुझ्या परिषदेतल्या लोकांना मावश्या नाहीत का?”

“असतील. पण त्या पार्लर चालवत नाहीत.”

“मग त्यांचं नशीब फुटकं.”

असंच एक दिवस डाय लावलेलं एक डोकं रडायला लागलं. ते डोकं होतं ‘पुढची तारीख’च्या बायकोचं.

‘पुढची तारीख’ हे शहरातल्या एका नामांकित वकिलाचं टोपणनाव. खटला जिंकण्यापेक्षा लांबवण्यात त्यांचा हातखंडा. आजोबांनी दिलेलं काम नातवाच्या हयातीतही चालू आहे, असं बाररूममध्ये ते छाती पुढे काढून सांगत. घरात मात्र काम झटपट चाले. बायकोच्या अंगावर हाताला लागेल ते भांडं फेकताना त्यांनी कधी तारीख मागितली नव्हती.

बाईला घटस्फोट हवा होता आणि वकील मिळत नव्हता. कारण परिषदेत एक प्रथा आहे, जी कुठंच लिहिलेली नाही. वकिलाविरुद्ध वकीलपत्र घ्यायचं नाही. भरकोर्टात एकमेकांना ‘माझे विद्वान मित्र’ म्हणायचं आणि त्या मैत्रीची किंमत बाहेरच्या माणसाकडून वसूल करायची. बाई सगळ्यांकडे फिरून आली होती. एकाची अचानक पाठ धरली. एकाच्या घरी अचानक कार्य निघालं. एकानं तर चहा पाजला, डोळे पुसायला रुमाल दिला, सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी ते जसंच्या तसं नवऱ्याच्या कानावर घातलं.

मावशीनं तिचे केस धुतले, पुसले आणि कंगवा वर केला.

छोटीनं वकीलपत्र घेतलं. आठवडा उलटायच्या आत परिषदेत छोटीविरुद्ध तक्रार दाखल झाली. तक्रारदार अर्थातच पुढची तारीख. त्यात बायकोचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. ‘एका केशकर्तनालयातून अशील पुरवले जातात, त्यामुळे या पवित्र व्यवसायास कलंक लागत आहे’, एवढंच. आपली भांडी आपण घरात फेकली तर कलंक लागत नाही. कुणी त्याबद्दल डाय लावताना बोललं की लागतो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी शिस्त समितीच्या अध्यक्षांनी छोटीला त्यांच्या कार्यालयात बोलावलं. म्हातारा गोड बोलणारा होता.

“बस बेटा. तुझ्यासारख्या पोरींनी पुढं यावं असं आम्हाला फार वाटतं. पण तक्रार आली की आमचे हात बांधलेले.” त्या बांधलेल्या हातांनी त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. “एवढ्यावर सही कर. विषय संपला.”

कागदावर लिहिलं होतं: सदर पार्लरचालक महिलेशी माझा कोणताही संबंध नाही. सदर महिला माझ्या नावाचा गैरवापर करते. तिच्या बोलण्यावर कुणीही विश्वास ठेवू नये. तिच्यामार्फत आलेली सर्व वकीलपत्रे मी सोडत आहे.

छोटीनं शेवटची ओळ दोनदा वाचली. सर्व वकीलपत्रे म्हणजे एकच वकीलपत्र, हे कळायला कायदा शिकावा लागत नाही.

“साहेब, ती माझी मावशी आहे.”

“घरात राहू दे की मावशी. आम्ही फक्त कागदापुरतं म्हणतोय.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर सनद निलंबित होईल. मग तुझी ती अशील तशीही उघड्यावर पडेल. दुसरं कोण उभं राहणार तिच्यासाठी?” हे त्यांनी अगदी कळवळून सांगितलं.

छोटीनं तिथल्या तिथं कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकला असता तर गोष्ट इथंच शूर झाली असती. तिनं तसं केलं नाही. त्या सनदेसाठी मावशीनं उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या होत्या. कागदाची घडी करून तिनं तो फायलीत ठेवला.

घरी तिनं मावशीला कागदाचं काही सांगितलं नाही. फाइल टेबलावर टाकली आणि फक्त म्हणाली, “उद्या तुला साक्षीला बोलावलंय. विचारतील तेवढंच सांग. खोटं बोलू नकोस.”

“खोटं कशाला बोलू?”

“आणि खरंही फार बोलू नकोस.”

“म्हणजे वकिलासारखं बोलू म्हण की.”

सकाळी छोटी आंघोळ करून आली तेव्हा कोट इस्त्री होऊन खुर्चीवर टांगलेला होता, चहा गाळलेला होता आणि मावशी आरशासमोर स्वतःचे केस सेट करत होती, लग्नाला निघाल्यासारखी.

परिषदेचं सभागृह म्हणजे पाहण्यासारखी जागा. वकिलानं पाटी हातभरापेक्षा मोठी लावायची नाही, पण भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो पुरुषभर उंचीचे, आणि प्रत्येक नवा फोटो आधीच्यापेक्षा थोरला. पलीकडच्या भिंतीवर थोडी जागा शिल्लक होती आणि सध्याचे अध्यक्ष बरोबर तिच्या खाली बसले होते. डाव्या हाताला एक सदस्य, ज्यांना प्रश्न पडला की खोकला यायचा. उजव्या हाताला दुसरे, ज्यांचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असायचा. कोपऱ्यात टंकलेखिका. या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द ती टाइप करते. अध्यक्षांनी हात वर केला तरच थांबते, अशी तिथली पद्धत.

समोरच्या बाकावर पुढची तारीख पाय हलवत बसले होते.

“निवेदन आणलंस ना बेटा?” अध्यक्षांनी विचारलं.

छोटीनं फाइल उघडली. घडी उलगडली. कागदाच्या कोपऱ्यात एक काळपट अंगठा उमटलेला होता. डायचा. असा अंगठा तिच्या शाळेच्या प्रत्येक वहीवर होता, प्रगतिपुस्तकावर होता, सनदेच्या अर्जावरसुद्धा होता. मावशीच्या बोटांवरचा तो रंग कधी पुरता गेलाच नाही. म्हणजे रात्रीच मावशीनं हा कागद वाचला होता. सदर महिला. विश्वास ठेवू नये. सगळं वाचून, परत तशीच घडी करून, पहाटे उठून तिनं कोटाला इस्त्री केली होती.

छोटीनं कागद मिटला.

“आणलंय. पण देणार नाही.”

“नीट विचार करून बोल.”

“केला. ती माझी मावशी आहे, साहेब. कागदावरसुद्धा.”

खोकला खोकले. चष्म्यांनी चष्मे बदलले. अध्यक्षांच्या आवाजातला गूळ संपला. “ठीक आहे. साक्षीदाराला बोलवा.”

मावशी आली, खुर्चीवर ऐसपैस बसली आणि अध्यक्षांच्या डोक्याकडे टक लावून पाहायला लागली.

“काय झालं?” अध्यक्ष म्हणाले.

“काही नाही. डाय कुठं करता ते बघत होते. कानावर उतरलाय.”

टंकलेखिकेच्या बोटांचा टकटकाट चालू होता. अध्यक्षांचा हात कानाकडे गेला. पुढची तारीख घाईघाईनं उलटतपासणीला उठले.

“तुमची भाची वकील आहे असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता?”

“सांगते.”

“किती जणींना?”

“खुर्चीत बसतात त्या सगळ्यांना. एक बहिरी येते, तिला लिहून दाखवते.”

छोटीनं डोळे मिटून घेतले.

“आणि त्या सगळ्या तुमच्या भाचीकडे जातात?”

“सगळ्या कुठल्या. निम्म्या जणी डाय धुवेपर्यंत नवऱ्याला माफ करतात. तुमच्या मिसेसनी मात्र नाही केलं.”

पुढच्या तारखेचा चेहरा उतरला. मग चढला. “समितीनं नोंद घ्यावी. साक्षीदारानं कबुली दिलेली आहे.”

“घेतली आहे,” अध्यक्ष म्हणाले आणि मावशीकडे वळले. “बाई, हा व्यवसाय म्हणजे भाजीचा ठेला नव्हे. वकील कधी स्वतःहून काम मागत नसतो. तो आपला शांत बसलेला असतो.”

“मग अडलेल्या बाईनं त्याला शोधायचं कसं?”

“चौकशी करायची.”

“कुणाकडे?”

“ओळखीच्या, भरवशाच्या माणसाकडे.”

“तीच तर ती माझ्याकडे करते.”

मावशीनं पर्स मांडीवर ओढून घेतली आणि खुर्ची जरा पुढे सरकवली.

“आता समजा, साहेब,” ती म्हणाली, “एखादीचं दुकान आहे. भाड्याचं. करार झाला तो तोंडी. मालक वरच्या मजल्यावर राहतो, मुद्दाम नळ उघडा टाकतो, सगळं पाणी खाली. दुकान रिकामं कर म्हणतो. जागा कोपऱ्याची आहे, कोर्टाला लागून. त्या बाईनं जावं कुणाकडे?”

छोटी अर्धी उठली. दुकान मावशीचं होतं, त्यावर मजला नव्हता, नळ नव्हता, होती ती पत्र्यावर बसणारी कबुतरं. मग तिला मावशीचा पहिला शब्द आठवला. समजा. ती परत खाली बसली.

“कोपऱ्याची?” खोकला म्हणाले. त्यांचा खोकला थांबला होता.

“दोन्ही रस्त्यांना तोंड आहे.”

“तोंडी करार असला म्हणून काय झालं? भाडं घेतलंय ना त्यानं? झालं तर. मी अशी जागा सोडवून दिलीय, मालक वर्षभर माझ्या दारात बसून होता.”

“कृपा करून बाईंना चुकीचं सांगू नका,” चष्मे म्हणाले. “आधी पाण्याचा मनाई हुकूम घ्यायचा. भाड्याचं नंतर. ही केस पाण्याची आहे.”

“केस पाण्याची असती तर पाणीवाल्याकडे गेल्या असत्या त्या.”

“तुम्ही तुमची मागची पाण्याची केस हरलात म्हणून असं बोलताय.”

अध्यक्षांनी टेबलावर टकटक केलं. समिती गप्प झाली. न्यायदानाची वेळ आली असावी असं क्षणभर वाटलं.

“दोघांचंही चुकतंय,” अध्यक्ष म्हणाले. “बाई, अशा कामाला वजन लागतं. या शहरात कुणालाही विचारा, कोपऱ्याच्या जागा कुणी वाचवल्या. माझ्याकडे या.”

“मग तुमच्याकडेच यावं म्हणते,” मावशी म्हणाली. “पण पत्ता?”

अध्यक्षांचा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशात गेला. त्या हाताला दोष देता येणार नाही. सगळा जन्म तो तिथंच जात होता. सोनेरी कडेचं कार्ड मावशीच्या हातात पडलं. ते पाहून खोकल्यांनी आपलं दिलं. चष्म्यांनी दोन दिली, एक मैत्रिणीसाठी.

आणि पुढची तारीख मागे कशी राहणार? समोर काम उभं असताना त्यांना तक्रार, बायको, कलंक, कशाचंही भान उरलं नाही.

“बाई, या तिघांकडे गेलात तर निकाल लागेल,” ते म्हणाले. “तुम्हाला निकाल कशाला हवाय? तुम्हाला दुकानात बसायचंय. माझ्याकडे या. मालक मरेल, त्याचा मुलगा म्हातारा होईल, तुमचं पार्लर जागचं हलणार नाही.” त्यांचं कार्ड सगळ्यांत जाड होतं आणि त्यावर फोटो होता.

मावशीनं सगळी कार्डं पत्त्यांसारखी हातात पसरली.

छोटी उभी राहिली. आपला आवाज हसू दाबल्यामुळे कापतोय की रागामुळे, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

“अध्यक्ष महाराज, माझी मावशी माझं नाव सांगते, पण मी तिला नको म्हणते, हे तिनं आत्ता... नाही, हे तुम्ही तिला विचारलंच नाही. असू दे. मी कुणाला कार्ड दिलेलं नाही. माझ्याकडे कार्डच नाही. आत्ता या खोलीत एका साक्षीदाराला चौघांनी काम मागितलं. याला आपल्या नियमात काय म्हणतात?”

अध्यक्षांनी तेव्हा कुठं हात वर केला. टकटकाट थांबला.

“हे सगळं काढून टाका,” ते टंकलेखिकेला म्हणाले.

“कुठपासून काढू, साहेब? ‘माझ्याकडे या’ हे बऱ्याच ठिकाणी आलंय,” ती म्हणाली. “आणि कानावर उतरलेला डाय ठेवू की काढू?”

अध्यक्षांनी घाम पुसला आणि तक्रारदाराकडे पाहिलं. “तक्रार मागे घ्या.”

“मला विचार करायला वेळ हवा,” पुढची तारीख म्हणाले. “पुढची तारीख द्यावी.”

सवय ती. चष्मे हसले, खोकला हसता हसता खोकले, टंकलेखिकेनं तोंडाला पदर लावावा तसा कागद लावला. फक्त अध्यक्ष हसले नाहीत. “आज. आत्ता. इथंच.”

तक्रार मागे घेतली गेली. सगळे उठायला लागले. छोटी उठली नाही.

“एक राहिलं,” ती म्हणाली. “या बाकावर बसलेल्या साहेबांच्या पत्नी तुमच्या तिघांच्याही दारात येऊन गेल्या. तुम्ही त्यांना परत पाठवलंत. वकिलाविरुद्ध वकीलपत्र घ्यायचं नाही ही आपली प्रथा आहे म्हणे. चांगली असेल तर लिहून काढा. दारावर पाटी लावा, खाली तिघं सह्या करा. आलेल्या बाईला निदान पायऱ्या तरी चढाव्या लागणार नाहीत. पाटी हवी तेवढी मोठी करा, मी तक्रार करणार नाही.”

तिनं स्वतःचं पेन टेबलावर ठेवलं. कुणी उचललं नाही. अध्यक्ष भिंतीवरच्या फोटोंकडे पाहत राहिले, जणू त्यांतलं कुणी तरी खाली उतरून सही करणार होतं.

“नाही? मग अशी प्रथा नाही असं धरून चालते,” छोटी म्हणाली आणि पेन खिशाला लावलं. “उद्या मी माझ्या वकीलपत्रावर उभी आहे.” आणि पुढच्या तारखेकडे वळून म्हणाली, “उद्या भेटू, माझे विद्वान मित्र.”

बाहेर पायऱ्यांवर मावशी कार्डं पर्समध्ये लावत होती.

“मावशी, दुकान आपलं आहे.”

“मग? मी कधी म्हटलं भाड्याचं? समजा म्हटलं. तुम्ही लोक दिवसभर म्हणता, मी एकदा म्हटलं.”

छोटीनं फायलीतून तो कागद काढला. अंगठ्याचा कोपरा वर ठेवून तिच्यापुढे धरला. “हा वाचलास तू.”

“वाचला. भाषा छान आहे. जन्मात कुणी मला ‘सदर’ म्हटलं नव्हतं.”

“मग काही बोलली का नाहीस?”

“सही नव्हती ना त्यावर. कशाबद्दल बोलायचं?” मावशीनं कागद तिच्या हातातून घेतला आणि पर्समध्ये टाकला. “जाड आहे. डायची छटा बघायला बरा.”

त्या संध्याकाळी छोटीनं मावशीला तळहातावर हात ठेवून वचन द्यायला लावलं: यापुढे पार्लरमध्ये भाचीचं नाव काढायचं नाही. मावशीनं दिलं. आणि पाळलंही, इतकं इमानानं की काही विचारू नका.

कार्डं तिनं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली, फोटोवालं मधोमध. डाय लावलेली बाई रडायला लागली की मावशी कंगव्यानं कार्डं दाखवते. “हे वकील आहेत. मागायच्या आधी कार्ड देतात. जा यांच्याकडे.”

“पण तुमची भाची?” बाई विचारते.

“तिचं नाव घ्यायचं नाही मला. परिषदेपर्यंत गेलं होतं प्रकरण.”

“का? काय केलं तिनं?”

“ते मी सांगू शकत नाही,” मावशी म्हणते आणि ड्रायर सुरू करते. ड्रायरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. बाई अर्ध्या ओल्या केसांनी उठते आणि गल्लीत विचारत सुटते, ज्या वकिलिणीचं नाव घ्यायला बंदी आहे, ती बसते कुठं?

एका सोमवारी छोटी कोर्टातून परत आली. पुढच्या तारखेला त्या दिवशी पुढची तारीख मिळाली नव्हती, त्यामुळे ती खुशीत होती. जिना चढून वर आली तर तिच्या ऑफिसच्या दारापासून खालच्या वळणापर्यंत बायका उभ्या. कुणाचे केस नुकतेच कापलेले, कुणाच्या कपाळावर डायची रेघ तशीच.

छोटीनं मनातल्या मनात मावशीला चार शिव्या घातल्या. मग किल्ली काढली, कोट सरळ केला आणि नियमात बसतो तसा चेहरा केला.

“अरे,” ती म्हणाली, “तुम्ही कशा काय इकडे?”